नौदलाच्या संदेशवहनाची कळ कुणाच्या हाती?

२ नोव्हेंबर २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम३-एम५ या प्रक्षेपकाने सीएमएस-०३ हा सुमारे ४,४०० किलो वजनाचा, नौदलासाठीचा संदेशवहन उपग्रह अवकाशात नेला. इस्रोचे अभिनंदन योग्यच आहे. मात्र अशा प्रत्येक यशानंतर दोन घोषणा हमखास ऐकू येतात. पहिली, ‘आता व्यापारी उपग्रहांची गरज संपली.’ दुसरी, ‘हजारो उपग्रहांची खासगी जाळी आकाशात असताना सरकारने एकेक अवजड उपग्रह बांधावाच कशाला?’ या घोषणा एकमेकींच्या विरोधी वाटतात, पण दोन्हींची चूक एकच आहे. दोघी उपग्रहाची मालकी पाहतात. संदेश कोणता, तो कोणत्या वाटेने जावा आणि ती वाट बंद करण्याची कळ कुणाच्या हाती आहे, हे पाहत नाहीत.

आधी पहिली घोषणा. नौदलाचा पहिला समर्पित उपग्रह जीसॅट-७, म्हणजेच ‘रुक्मिणी’, २०१३ साली फ्रेंच गयानातून एरियन-५ ने सोडला गेला. त्याचे नियोजित आयुष्य सात वर्षांचे होते. त्याचा वारसदार आला बारा वर्षांनी. या दीर्घ काळात हिंदी महासागरावरील युद्धनौका, पाणबुड्या आणि विमाने यांना जोडणारा मुख्य धागा एकच होता. धागा तुटतो हेही देशाने पाहिले आहे. मार्च २०१८ मध्ये सोडलेल्या जीसॅट-६ए शी काही दिवसांतच संपर्क तुटला. जानेवारी २०२५ मध्ये प्रक्षेपण बिनचूक होऊनही एनव्हीएस-०२ हा दिशादर्शन उपग्रह झडप न उघडल्याने अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही. हे अपयश लाजिरवाणे नाही, अवकाशविज्ञानात ते गृहीतच धरावे लागते. लाजिरवाणे ठरेल ते असे अपयश येणारच नाही असे समजून नियोजन करणे.

भूगोलही या घोषणेच्या विरुद्ध साक्ष देतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एकाच रेखांशावर स्थिर भासतो. हिंदी महासागरावरचा असा उपग्रह हवाईजवळच्या जहाजाला दिसणारच नाही. तो क्षितिजाखाली असेल. ‘आयएनएस शिवालिक’ २०२४ च्या ‘रिम्पॅक’ सरावासाठी हवाईलाच गेली होती. इतक्या दूर जाणाऱ्या नौदलाला एकतर मित्रदेशाचा, नाहीतर व्यापारी कंपनीचा उपग्रह वापरावाच लागतो. त्यात कमीपणा नाही.

आता दुसरी घोषणा. निम्न कक्षेतील जाळ्यांचे गुण खरे आहेत. सुमारे ५५० किलोमीटरवरून संदेश काही मिलिसेकंदांत येतो, भूस्थिर उपग्रहाला मात्र एका फेरीला पाव सेकंद लागतो. शिवाय उपग्रह हजारो असल्याने एक गेला तरी जाळे टिकते. पण जाळे टिकणे म्हणजे सेवा टिकणे नव्हे. २४ जुलै २०२५ रोजी स्टारलिंकची सेवा अंतर्गत सॉफ्टवेअरच्या बिघाडाने सुमारे अडीच तास जगभर कोलमडली आणि युक्रेनची आघाडीही मुकी झाली. उपग्रह सगळे जागेवर होते. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे, रशियाचे आक्रमण सुरू होता होता, व्हायासॅटच्या केए-सॅट जाळ्यावर सायबर हल्ला झाला. हजारो मोडेम निकामी झाले आणि जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रणही त्यात तुटले. तेव्हाही उपग्रहाला ओरखडा उठला नव्हता.

तिसरे उदाहरण थेट समुद्रातले. सेवास्तोपोलच्या रशियन ताफ्यावर सागरी ड्रोन धाडण्यासाठी युक्रेनने तेथे स्टारलिंक सुरू करण्याची विनंती केली आणि आपण ती नाकारली, हे इलॉन मस्क यांनी २०२३ मध्ये स्वतःच जाहीर केले. तो निर्णय बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवावा. तो निर्णय युक्रेनच्या नौदलाचा नव्हता, एवढे पुरेसे आहे.

यावर एक ठरावीक उत्तर येते: ‘संदेश कूटबद्ध करा, मग वाहक कोणीही असो.’ हे अर्धसत्य आहे. कूटलेखन मजकूर झाकते, स्थान झाकत नाही. या जाळ्यांतील टर्मिनल कुठे आहे हे जाळ्याला ठाऊक असावेच लागते, अन्यथा कोणत्या उपग्रहाचा कोणता झोत त्याच्याकडे वळवायचा हे ठरणार नाही. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने उपग्रह-सेवांसाठी घातलेल्या अटींत वापरकर्त्याचे तत्क्षणी स्थान देण्याची अट आहे, आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत विशेष देखरेख क्षेत्रही आहे. अट योग्यच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानच्या समुद्रात सुमारे ६,००० किलो मेथॅम्फेटामाइनसह पकडलेल्या बोटीवर स्टारलिंकचे उपकरण सापडले होते. पण ज्या सोयीने तस्कराची बोट कळू शकते, त्याच सोयीने युद्धनौकाही कंपनीच्या संगणकाला कळते. रेडिओ-मौन पाळून निघालेल्या नौकेसाठी ही किरकोळ बाब नव्हे.

म्हणून व्यापारी सेवेला बंदी घालावी काय? बंदीचे फळ काय असते ते अमेरिकी नौदलाने चाखले आहे. २०२३ मध्ये ‘यूएसएस मँचेस्टर’वर काही वरिष्ठ नौसैनिकांनी स्टारलिंकची तबकडी गुपचूप बसवली आणि ती कित्येक महिने लपवली. प्रकरण उघड झाल्यावर शिक्षा झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. पण महिनोन्महिने घरापासून दूर असलेल्या माणसाला कुटुंबाशी बोलण्याची अधिकृत वाट दिली नाही, तर तो चोरवाट शोधतो. अधिकृत वाट बंद करता येते. चोरवाट कुठे आहे, हेच कप्तानाला ठाऊक नसते.

तेव्हा आग्रह धरायचा तो नेमक्या गोष्टींचा. हल्ल्याचा आदेश, लक्ष्याची माहिती आणि ताफ्याची रचना केवळ लष्करी उपग्रहांवरूनच जावी. त्यासाठी एक नव्हे, किमान दोन उपग्रह कक्षेत असावेत आणि पुढच्याचे काम आधीच्याचे आयुष्य संपण्यापूर्वी पुरे व्हावे. हवामानाच्या प्रतिमा, सुट्या भागांची मागणी, दूरवैद्यकीय सल्ला आणि घरचे फोन व्यापारी जाळ्यावर जावेत, एकाहून अधिक कंपन्यांच्या. दोन्ही जाळी जहाजावर वेगळी असावीत. कूटलेखनाच्या किल्ल्या नौदलाकडे असाव्यात. आणि व्यापारी तबकडीचा वीजपुरवठा एका आदेशासरशी तोडण्याची कळ कप्तानाच्या हाताशी असावी.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे: या दोन्ही जाळ्यांविना लढण्याचा सराव. उपग्रह गेला, कंपनीने सेवा थांबवली, शत्रूने लहरी जाम केल्या, तरी उच्च वारंवारितेचा जुना रेडिओ, दिव्यांचे संकेत आणि आधी ठरलेले आदेश यांवर ताफा चालला पाहिजे. ज्या नौदलाला संपर्क तुटल्यावरही आपले काम ठाऊक असते, त्याच्यावर कोणत्याही कंपनीचा नकार चालत नाही. स्वयंपूर्णतेचे मोजमाप प्रक्षेपकाच्या धुरात नसून या तयारीत आहे.