शक्ति आणि लगाम

इंजिनाची शक्ति वाढवावयाची म्हणजे त्याचा आकार वाढवावयाचा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अपुरी आहे. १९५५ सालीं अमेरिकेंतील शेव्हरोले कंपनीनें आठ सिलिंडरांचें एक आटोपशीर इंजिन बाजारांत आणिलें. त्याचें आकारमान २६५ घनइंच व जोर १६२ घोड्यांचा होता. दोनच वर्षांनीं तें २८३ घनइंचांचें झालें आणि त्याच्या सर्वोत्तम प्रकारानें २८३ घोड्यांचा जोर दाखविला! आकार थोडका वाढला. शक्ति मात्र पाऊणपटीनें वाढली.

हें कसें घडलें? अधिक हवा आंत घेणें, मिश्रण अधिक दाबणें, इंधन मोजून देणें व झडपा योग्य क्षणीं उघडणें, या चार गोष्टींचा मेळ घातल्यामुळें.

आमचे कित्येक तरुण हा मेळच विसरतात. राजूर ही कोळशाची व चुन्याची भूमि; येथील रस्त्यांवर जड मालमोटारींची वर्दळ. अशा ठिकाणीं फटफटीचा आवाज दुप्पट करणें म्हणजे शक्ति वाढविणें नव्हे. झिजलेल्या रिंगा, गळतें तेल व सैल ब्रेक तसेच ठेवून वेग मागणें हा तर आत्मघातच होय.

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसतें. खरें, परंतु जीव एकदांच मिळतो. म्हणून पालकांनीं मुलाची ही आवड दडपूं नये. त्याला एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या हाताखालीं बसवावें. आधीं ब्रेक, मग दुरुस्ती, शेवटीं वेग, हाच क्रम असावा. घोड्याची परीक्षा धांवेंत होते, स्वाराची लगामांत.