जनुके गप्प करणारा मका: नवे अस्त्र, जुना धडा

अमेरिकेच्या मका पट्ट्यात २०२२ पासून ‘स्मार्टस्टॅक्स प्रो’ या नावाने विकले जाणारे बियाणे वरकरणी इतर जनुकीय सुधारित बियाण्यांसारखेच आहे. फरक त्याच्या अस्त्रात आहे. बीटी वाणाचे रोप किडीला मारक ठरणारे जिवाणूजन्य प्रथिन तयार करते. या वाणात त्याच्या जोडीला द्विसूत्री आरएनएचा एक तुकडा तयार होतो आणि तो खाणाऱ्या अळीचे एक जनुक गप्प बसवतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जून २०१७ मध्ये त्याला मान्यता दिली होती. चीनची आयात-परवानगी २०२१ मध्ये मिळाल्यानंतर व्यापारी विक्रीचा मार्ग मोकळा झाला.

ज्या किडीसाठी हा खटाटोप आहे, ती मक्याची मुळे खाणारी एका भुंगेऱ्याची अळी आहे. तिच्यामुळे होणारे नुकसान आणि नियंत्रणाचा खर्च यांमुळे अमेरिकेत तिला ‘अब्ज डॉलरची कीड’ म्हणतात. मक्यानंतर सोयाबीन घेण्याचा फेरपालट हा तिच्यावरचा जुना उपाय होता. इलिनॉयमधील भुंगेऱ्यांनी सोयाबीनच्या शेतातच अंडी घालायला सुरुवात करून तो निष्प्रभ केला. २००३ मध्ये तिच्याविरुद्ध बीटी मका आला; २००९ मध्ये आयोवातील काही शेतांत त्यालाही न जुमानणाऱ्या अळ्या आढळल्या. प्रत्येक उपायाला वळसा घालण्याचा या किडीचा इतिहास आहे.

नव्या अस्त्राचे लक्ष्य आहे ‘एसएनएफ-७’ या प्रथिनाचे जनुक. पेशीत निकामी झालेली प्रथिने सूक्ष्म पिशव्यांत बंद करून विल्हेवाटीसाठी पाठवली जातात. अशी पिशवी तयार करण्यासाठी पटलाला बाक देणे, त्याचा गळा आवळणे आणि शेवटी ते तोडणे आवश्यक असते. हे काम ‘एस्कॉर्ट’ या नावाने ओळखला जाणारा प्रथिनसमूह करतो. ‘एसएनएफ-७’चे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पटलावर सर्पिल तंतू विणतात; काम संपल्यावर दुसरे एक प्रथिन ते सोडवून घेते. हे जनुक गप्प झाले, की अळीच्या पेशींत टाकाऊ प्रथिनांचा साठा वाढत जातो, तिची वाढ खुंटते आणि ती मरते.

याच कुळातील प्रथिने मानवी पेशींतही आहेत. पेशीविभाजनाचा अखेरचा छेद त्यांच्या साहाय्याने होतो आणि एचआयव्ही विषाणूही पेशीतून बाहेर पडताना हीच यंत्रणा वापरतो. मग मका खाणाऱ्याचे काय, असा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अक्षरक्रमात आहे. अळीच्या पेशीत द्विसूत्री आरएनएचे सुमारे २१ अक्षरांचे तुकडे होतात आणि ज्या संदेशाशी ते जुळतात, त्याचाच नाश घडवतात. चाचण्यांत या आरएनएचा परिणाम त्या भुंगेऱ्याच्या निकटच्या आप्तांपुरता मर्यादित राहिल्याचे दिसले. शिवाय सस्तन प्राण्यांच्या पचनमार्गात असा आरएनए लवकर विघटित होतो.

खरा कच्चा दुवा वेगळाच आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या आरएनएला दाद न देणाऱ्या अळ्यांचा वंश संशोधकांनी प्रयोगशाळेत निवड करून वाढवला. त्या अळ्यांच्या आतड्यातील पेशींनी द्विसूत्री आरएनए आत घेणेच जवळपास थांबवले होते. परिणामी इतर जनुकांविरुद्ध तयार केलेले आरएनएही त्यांच्यावर निरुपयोगी ठरले. लक्ष्य बदलले की नवे अस्त्र तयार, ही या तंत्राविषयीची मोठी आशा त्यामुळे डळमळीत होते. दार एकच असेल आणि ते बंद झाले, तर बाहेर कितीही निरोपे उभे करून उपयोग नाही. दिलासा एवढाच, की बीटी प्रथिनाने या अळ्या मरत होत्या आणि त्यांची प्रतिकारशक्ती अप्रभावी जनुकावर अवलंबून होती. म्हणजे जवळपास साध्या, संवेदनशील किडी शिल्लक ठेवल्या, तर संकरातून प्रतिकाराचा प्रसार लांबवता येतो.

शेजारी बिगर-बीटी कपाशीची आश्रय-पिके लावण्यामागे हेच गणित होते. भारतात २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा ४५० ग्रॅम बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी दिली जात असे. ती पेरण्यात बहुसंख्य शेतकऱ्यांना तात्काळ लाभ दिसत नव्हता आणि ती पेरली जाते की नाही हे पाहणारी यंत्रणाही नव्हती. गुलाबी बोंडअळीने आधी पहिल्या आणि नंतर दुसऱ्या पिढीच्या बीटी कापसावर मात केली. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार माजवला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

आता आरएनए तंत्राने कापूस वाचवावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु भुंगेऱ्यांवर चालणारे हे तंत्र पतंगवर्गीय अळ्यांवर सहजासहजी चालत नाही आणि बोंडअळी याच वर्गातील आहे. या अळ्यांच्या पचनरसातील विकरे आरएनए झपाट्याने तोडतात. जो पेशीत शिरतो, तोही पेशीच्या आतील पटलांच्या पिशव्यांत अडकून पडतो आणि जनुक गप्प करणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने बटाट्यावरील कोलोरॅडो भुंगेऱ्याविरुद्ध ‘लेडप्रोना’ या फवारता येणाऱ्या द्विसूत्री आरएनएची तीन वर्षांच्या मुदतीने नोंदणी केली. म्हणजे पीक बदलण्याचीही गरज उरलेली नाही आणि वापर वेगाने वाढू शकतो. हाच भुंगेरा द्विसूत्री आरएनएविरुद्ध प्रतिकार कमावू शकतो, हेही प्रयोगशाळेत दिसून आले आहे. म्हणून मुदतवाढीचा विचार करताना दुष्परिणामांच्या तपासणीइतकेच महत्त्व शेतातील प्रतिकारावरील पाळतीला दिले पाहिजे. भारतात असे उत्पादन परवानगीसाठी येईल, तेव्हा आश्रय-पिकाची जबाबदारी एकट्या शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकायची, की बियाणे कंपनी आणि शासन यांनी तिचा भार उचलायचा, हे आधी ठरवावे लागेल. कापसाच्या वेळी हा प्रश्न मोकळा ठेवला गेला आणि त्याची किंमत विदर्भाने मोजली.