मद्रासच्या आकाशातला 'एशिया'

एखाद्या शास्त्रीय शोधाचा विषय निघाला की तो कोणी, कोठे आणि केव्हा लावला एवढे कळताच आपले समाधान होते, आणि जी वस्तू सापडली ती पुढे कोणत्या वाटेने गेली, याची चौकशी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. 'एशिया' या लघुग्रहाच्या बाबतीत ही उपेक्षा मला विशेष खटकते.

मद्रासच्या सरकारी वेधशाळेत त्याच वर्षी रुजू झालेले नॉर्मन पॉगसन यांना १७ एप्रिल १८६१ रोजी हा ग्रह सापडला. आशिया खंडातून शोधला गेलेला तो पहिलाच लघुग्रह, म्हणून त्यांनी त्याला खंडाचेच नाव दिले, आणि लघुग्रहांच्या फेरिस्तीत त्याची नोंद ६७ व्या क्रमांकावर झाली. छायाचित्राची सोय या कामाला तोवर झालेली नव्हती. ताऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवून दुर्बिणीतला एकेक ठिपका त्याच्याशी ताडावा, नकाशात नसलेला ठिपका आढळल्यास त्याची जागा टिपून ठेवावी, आणि दुसऱ्या रात्री तो तेथून हलला आहे की काय ते पाहावे, अशी रीत होती. पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर समोर आलेला असा ग्रह एका दिवसात साधारण निम्म्या चंद्रबिंबाएवढा सरकतो. तेवढ्यावरून ताऱ्यांच्या गर्दीत त्याला ओळखायचे, आणि त्यातच दुसरी रात्र ढगाळ निघाली तर स्वस्थ बसायचे!

परंतु असा ग्रह दिसला म्हणजे तो हाती आला असे नव्हे. १८०१ च्या पहिल्याच दिवशी पालेर्मो येथे पियाझींना सापडलेला सीरिस काही आठवड्यांनी सूर्याच्या तेजात बेपत्ता झाला, आणि चोवीस वर्षांच्या गाउसने मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा गणिताने काढून दिली, तेव्हा कुठे वर्षअखेरीस तो पुन्हा दृष्टीस पडला.

'एशिया'ची कक्षा आज नेमकी ठाऊक आहे. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या २.४२ पट, पण मार्ग लंबवर्तुळाकार आणि उत्केंद्रता ०.१८५ असल्यामुळे तो कधी १.९७ पटीपर्यंत जवळ येतो, तर कधी २.८७ पटीपर्यंत दूर जातो. पृथ्वीच्या कक्षेशी त्याच्या कक्षेचा कल सुमारे ६ अंशांचा आहे, आणि एका प्रदक्षिणेस त्याला पावणेचार वर्षांहून किंचित अधिक काळ लागतो. यातले २.४२ हे अंतर मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. ज्याचे सरासरी अंतर २.५ पट भरेल त्याचा भ्रमणकाळ गुरूच्या बरोबर एकतृतीयांश होतो, गुरूची ओढ त्याला ठरावीक ठिकाणी पुनःपुन्हा बसत राहते, आणि त्याची कक्षा कालांतराने बिघडते; अमेरिकेतील डॅनियल कर्कवूड यांनी दाखवून दिलेली ती ओसाड पट्टी. 'एशिया' प्रत्येक फेरीत तेवढे अंतर ओलांडून पलीकडे जातो खरा, पण त्याची सरासरी अलीकडची असल्यामुळे त्या जाचातून तो सुटला आहे.

कक्षेची अशी ओळख एका दर्शनातून नव्हे, तर पुनःपुन्हा घेतलेल्या वेधांतून होते; म्हणूनच मद्रासचे नाव केवळ पहिलेपणाच्या अभिमानासाठी घेणे मला कोतेपणाचे वाटते. त्या वेधशाळेचे खरे वैभव रात्रीमागून रात्र भरलेल्या वेधांच्या दप्तरात होते, आणि ते दप्तर सांभाळणाऱ्यांत चिंतामणी रघुनाथाचारी यांच्यासारखे एतद्देशीय साहाय्यकही होते, ज्यांनी पुढे १८६७ साली एक रूपविकारी तारा शोधून काढला. नुंगमबाक्कमच्या हवामान केंद्राच्या आवारात त्या वेधशाळेचा १७९२ चा एक ग्रॅनाइटचा खांब तेवढा आज उभा आहे. दुर्बीण हलू नये म्हणून तिला दिलेला तो आधार.

सुमारे सोळा महिन्यांनी 'एशिया' पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या समोर येतो. बऱ्यापैकी दुर्बीण आणि ताऱ्यांचा तपशीलवार नकाशा ज्यांच्यापाशी असेल त्यांनी ती वेळ साधून लागोपाठ दोन रात्री त्याची जागा कागदावर मांडून पाहावी.