नेट घरचं, नाव कुणाचं?

परवा सकाळी दहाला शेजारची मैत्रीण लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी. ‘अगं, नेट गेलंय. तासभर तुझ्याकडे बसू का?’ ती घरून ऑनलाइन शिकवण्या घेते. महिन्यातली ही तिसरी वेळ. तास बुडाला की पैसे बुडतात. शिवाय ‘मॅडमचं नेट नेहमीच जातं’ हे पालकांचं ऐकून घ्यायचं, ते वेगळंच.

‘तक्रार केलीस?’ विचारलं, तर म्हणाली, ‘कनेक्शन ह्यांच्या नावावर. ओटीपी ह्यांच्या मोबाइलवर येतो, आणि हे मीटिंगमध्ये!’

खरी गोम इथेच आहे. दिवसभर नेट लागतं तिला, दुरुस्तीवाला ‘येतो’ म्हणाला की घरात अडकून पडते ती, पण कंपनीच्या लेखी ती कुणीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका शंभरात ३३ होत्या, पुरुष ५७. हा फरक बोलून दाखवतो सगळेच. पण नेट घरात आल्यावरही ते तिच्या हातात नसतं, हे कुठल्या आकड्यात दिसणार?

गंमत म्हणजे कायदा तिच्या बाजूने आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे भरणाऱ्याइतकाच, त्याच्या संमतीने सेवा वापरणाराही ग्राहक आहे. आणि दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

अर्थात, भांडायच्या आधी थोडं समजून घ्यायला हवं. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग मिळाला, तरी त्याला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून ही किमान मर्यादा दोन मेगाबिट झाली. जाहिरातीत मात्र असतं ‘शंभरपर्यंत’. सगळी मेख त्या ‘पर्यंत’मध्ये! म्हणून राउटरला थेट वायर जोडून वेग तपासा. वायरवर ठीक आणि बेडरूममध्ये रडतंय, तर दोष भिंतींचा किंवा टीव्हीमागे कोंबलेल्या राउटरचा. तो घराच्या मध्यावर, उंच ठेवा. वायरवरही रडतंय, तर मात्र कंपनीला सोडू नका.

दुधाच्या हिशेबासारखा कॅलेंडरवर नेटचाही खाडा मांडा. किती वाजता गेलं, कधी आलं. फोनवरच्या गोड बोलण्यावर विसंबू नका, तक्रार क्रमांक लिहून घ्या. दाद लागली नाही, तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. २०२४ च्या ट्रायच्या नियमांप्रमाणे लँडलाइन वा वायरने येणाऱ्या नेटचा बिघाड तीन दिवसांच्या वर राहिला, तर भाड्यात सूट मिळायला हवी. पण खाडाच मांडला नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? ग्राहकांसाठी १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

आणि सगळ्यात आधी, आज रात्री जेवताना घरात एवढंच सांगा, ‘नेटच्या खात्यावर माझाही नंबर घाला.’ गॅसचा नंबर लावणं, दूधवाल्याचा हिशेब हे सगळं आपणच बघतो ना? मग नेटच तेवढं ‘ह्यांचं’ कशाला?

मैत्रिणीने त्याच संध्याकाळी नंबर बदलून घेतला. नेट अजून जातं. पण आता फोन ती करते.