सोळा जणांची बोट

आमच्या हॉस्टेलमध्ये जगातले सगळे महत्त्वाचे वाद सबमिशनच्या आदल्या रात्रीच होतात. त्या रात्री जर्नल कम्प्लीट करायचं सोडून मी रूममेटला गालापागोसचे फोटो दाखवत बसले होते. निळ्या पायांचे बूबी पक्षी, धक्क्यावरच्या बाकावर माणसासारखे आडवे झालेले सी लायन, समुद्रात पोहणारे काळे इग्वाना... तिने सगळे फोटो शांतपणे बघितले आणि विचारलं, "आणि थयले मच्छीमार खय गेले गो?"

ती मालवणकडची. तिचे बाबा स्वतःची लहान होडी घेऊन मासेमारी करतात. तिच्या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर होतं, पण ते नीट देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा दुसरा अटेम्प्ट समजा. (मी केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये. मराठीत एवढं सलग लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात ही विनंती!)

मी तिथे पोचले कशी, ते आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी कोणी फार मोठी असामी आहे. माझी आत्या न्यू जर्सीला असते. रिटायर झाल्यावर तिने आणि काकांनी आठ दिवसांची बोट बुक केली होती. ऐनवेळी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांची जागा 'माझी भाची' या कोट्यातून मला मिळाली. आत्याने मला आकडा सांगितला नाही, पण जाहिरातीत मी तो बघितला. माझ्या वर्षभराच्या फीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे मी जे काही लिहिणार आहे, ते फुकट जेवून आलेल्या पाहुण्याचं मत आहे हे लक्षात ठेवा.

गालापागोस ही इक्वेडोर देशाची बेटं. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे १००० किलोमीटर, पॅसिफिक समुद्राच्या मध्यात. सगळी ज्वालामुखीची. १८३५ मध्ये डार्विन तिथे पाच आठवडे होता, एवढं आपल्याला बायोलॉजीच्या पुस्तकामुळे माहीत असतं. १९५९ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे ९७ टक्के जमीन उद्यानाची, आणि उरलेल्या थोड्या जागेत गावं, शेती, विमानतळ.

माझं पहिलं शिक्षण क्विटोच्या विमानतळावरच झालं. बेटांवर जाणाऱ्या बॅगा वेगळ्या तपासतात. आत्याच्या बॅगेत मेथीचे दाणे निघाले! ती रोज सकाळी भिजवलेली मेथी खाते, गेली पंधरा वर्षं. तपासणाऱ्या बाईंनी पुडी उघडली, एक दाणा बोटात धरून बघितला आणि पुडी सरळ बाजूला काढून ठेवली. आत्याने डायबेटिस, आयुर्वेद, वय, सगळं सांगून बघितलं. उत्तर एकच, बी आहे, जाणार नाही. पुढे विमान उतरायच्या आधी सामानाच्या कप्प्यांत कीटकनाशकाचा फवारा मारला. आत्या दिवसभर फुरंगटून होती. "एवढ्याशा मेथीने काय होणार आहे त्यांच्या बेटाचं?"

आठ दिवसांत त्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वेळा मिळालं की शेवटी आत्यानेच तो विषय सोडला.

आमची बोट सोळा प्रवाशांची. आठ केबिन, एक डायनिंग हॉल, वर एक डेक. रात्री बोट चालायची आणि सकाळी जाग यायची तेव्हा खिडकीत नवीन बेट! मग लहान रबरी होडीतून किनाऱ्यावर. तिला तिथे 'पांगा' म्हणतात. उतरताना नियमांची यादी: प्राण्यांपासून दोन मीटर लांब, फ्लॅश बंद, खायचं काही न्यायचं नाही, दगड-शिंपला उचलायचा नाही, आखलेली पायवाट सोडायची नाही. परत बोटीवर चढताना पाय आणि बूट धुवायचे, म्हणजे एका बेटाची वाळू दुसऱ्या बेटावर जाणार नाही. सोळा जणांमागे एक परवानाधारक गाईड असलाच पाहिजे, त्याच्याशिवाय उद्यानातल्या पायवाटांवर पाऊल टाकता येत नाही. १०० पेक्षा जास्त प्रवाशांची बोट तिथे चालतच नाही. २०१२ पासून तर एकच बोट त्याच जागी चौदा दिवसांत पुन्हा येणार नाही अशी वेळापत्रकं लावलेली आहेत. कुठली बोट कुठल्या दिवशी सकाळी कुठे, हे कप्तान ठरवत नाही, उद्यान ठरवतं. मला आपल्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस आठवल्या!

एस्पान्योला बेटावर पायवाटेच्या अगदी मध्येच एक अल्बट्रॉस बसला होता. पंख पसरले तर सव्वादोन-अडीच मीटर भरतील एवढा पक्षी. आम्ही सोळा माणसं त्याच्यासाठी थांबलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. तो उठेना, आम्हाला बाजूने जाता येईना. ऊन मी म्हणत होतं. माझ्या मागचे एक आजोबा कुरकुरले, की एवढे पैसे देऊन आम्ही रांगेत उभे. तो पक्षी शेवटी स्वतःच्या मर्जीने उठला, डुलत डुलत कड्यापर्यंत गेला आणि उडाला. त्या पंधरा मिनिटांत कॅमेऱ्यात फारसं काही आलं नाही, पण सगळ्या ट्रिपमध्ये मला तेच जास्त आठवतं. माझ्यासाठी कुणी तरी थांबायचं याची सवय असते आपल्याला. इथे मी थांबले.

आता मेथीकडे येते. या बेटांवर जे काही वाईट आलं, ते बहुतेक बोटीतूनच आलं. आधी देवमासे मारणारी जहाजं आली. महाकाय कासव महिनोन्‌महिने न खाता-पिता जगतं, म्हणून खलाशांनी ती जिवंत उचलून जहाजाच्या तळाशी रचली. ताजं मांस, फ्रीजशिवाय! अशी एक लाखाहून जास्त कासवं गेली असावीत असा अंदाज आहे. मग १९५९ मध्ये मच्छीमारांनी पिंटा बेटावर तीन शेळ्या सोडल्या, पुढच्या फेरीला मटण मिळावं म्हणून. तीनच! थोड्याच वर्षांत त्यांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास गेली आणि बेट बोडकं झालं. १९७१ मध्ये त्या बेटावर कासव उरलं होतं फक्त एक. तो 'लोनसम जॉर्ज'. २४ जून २०१२ ला तो गेला आणि ती जातच संपली. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. सांताक्रूझ बेटावर एका थंड ठेवलेल्या खोलीत तो आता काचेआड उभा आहे, मान वर करून. शेळ्या काढायला तर हेलिकॉप्टर आणि बंदुका लागल्या. एका मोठ्या मोहिमेत २००६ पर्यंत दीड लाखाच्या जवळपास शेळ्या माराव्या लागल्या. आणि कुठून तरी आलेली एक माशी आज फिंचच्या घरट्यात अंडी घालते, तिच्या अळ्या पिल्लांचं रक्त पितात. जॉर्जसमोर उभी असताना आत्या हळूच म्हणाली, "घेतली मेथी ते बरं केलं."

मेकॅनिकलची आहे म्हटल्यावर बोटीवरच्या इंजिनवाल्या काकांनी मला इंजिनरूम दाखवली. दोन डिझेल इंजिनं, जनरेटर, समुद्राचं पाणी गोडं करणारं आर.ओ. युनिट. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं, पण पिस्टन सगळीकडे सारखाच. वर डेकवर सगळे 'अनटच्ड नेचर'च्या गप्पा मारत होते आणि खाली त्या नेचरपर्यंत आम्हाला नेणारं डिझेल जळत होतं. जानेवारी २००१ मध्ये 'जेसिका' नावाचा टँकर सान क्रिस्टोबालच्या बंदराशी खडकावर चढला. त्यातलं काही तेल एका पर्यटक जहाजासाठीच चाललं होतं. वारा आणि प्रवाह अनुकूल, बरंचसं तेल लांब वाहून गेलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण पुढच्या वर्षभरात सांता फे बेटावरचे ६२ टक्के समुद्री इग्वाना मेले. नुसत्या तेलाच्या अंशाने त्यांच्या पोटातले शेवाळं पचवणारे जीवाणू मेले असावेत, असा संशोधकांचा अंदाज. म्हणजे 'लहान बोट' म्हणजे आपोआप 'हिरवी बोट' असं मी तरी मानणार नाही. उलट दरमाणशी डिझेल काढलं तर सोळा जणांमागे एवढी मशिनरी फिरवणं हे काही फार एफिशियंट डिझाइन नव्हे. शिवाय मुंबईहून तिथवरच्या विमानाचा धूर वेगळाच, आणि तो माझ्या खात्यावर. लहान बोटीचा फायदा एकच आहे, पण तो मोठा आहे: माणसं मोजलेली असतात.

आणि जिथे मोजणी सुटते तिथे काय होतं तेही तिथेच दिसतं. बोटींवरच्या जागांना मर्यादा आहे, गावातल्या हॉटेलांची वाढ मात्र होत राहिली. १९७९ मध्ये वर्षाला बारा हजारांच्या आसपास पर्यटक येत, २०२३ मध्ये ते सव्वातीन लाखांच्या वर गेले. त्यातले बहुसंख्य बोटीवर राहत नाहीत. १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी माणसाची प्रवेश फी १०० वरून २०० डॉलर झाली. इक्वेडोरच्या नागरिकाला ३०. पण नुसती फी वाढवणं म्हणजे गर्दी कमी करणं नव्हे, श्रीमंतांची गर्दी ठेवणं, असं मला वाटतं. फीचा दरवाजा मला अडवू शकला नाही ना? आत्या होती माझ्याकडे!

आता रूममेटचा प्रश्न. मच्छीमार कुठे गेले? गेले नाहीत, तिथेच आहेत. आमचा गाईडच मच्छीमाराचा मुलगा होता. नव्वदच्या दशकात आशियात समुद्री काकडीला प्रचंड भाव आला आणि मुख्य भूमीवरून माणसं बेटांवर लोटली. सरकारने बंदी घातली, काही काळ उठवली, पुन्हा घातली. जानेवारी १९९५ मध्ये चिडलेल्या मच्छीमारांनी डार्विन संशोधन केंद्रच अडवून धरलं. त्यानंतर १९९८ चा विशेष कायदा आला. बेटांभोवतीच्या चाळीस सागरी मैलांत मोठ्या कंपन्यांच्या बोटींना मासेमारी बंद. मासे पकडायचे ते फक्त तिथल्या नोंदलेल्या लहान मच्छीमारांनी. बाहेरून येऊन कायमचं राहण्यावर निर्बंध. आणि समुद्राचं काय करायचं ते ठरवणाऱ्या समितीत शास्त्रज्ञ, टुरिझमवाले यांच्याबरोबर मच्छीमारांनाही खुर्ची. सगळं गोड झालं असं नाही. भांडणं चालूच राहिली, आणि २०२० मध्ये इक्वेडोरच्या हद्दीबाहेर अडीचशेवर परदेशी, बहुतेक चिनी, बोटी येऊन उभ्या राहिल्या होत्या. पण 'नाही' म्हणताना आधी सगळ्यात मोठ्या जाळ्याला म्हटलं गेलं.

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे उलटा झाला." मालवणच्या समुद्रात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, आणि लोकांना पहिली भीती वाटली ती आपल्याच होड्या बंद होण्याची. म्हणून गावांचा विरोध. एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी २०१७ मध्ये बंद केली, पण ते दिवे समुद्रात अजून दिसतात असं तिचे बाबा सांगतात. "आधी ते एलईडीवाले थांबयत, मगे अभयारण्याचा बोल," तिने मला ऐकवलं. मी गप्प बसले, कारण तिचं बरोबर होतं.

तेव्हा माझं मत असं. दूरच्या बेटांवर लहान बोटीने जाणं हे आपोआप पुण्य नाही आणि आपोआप पापही नाही. तिकीट विकणाऱ्याच्या वर कुणी तरी 'बस, आता पुरे' म्हणणारा आहे का, आणि तो 'नाही' आधी कुणाला म्हणतो, हे बघायचं. होडीवाल्याला आधी आणि डॉलरवाल्याला सगळ्यात शेवटी म्हणत असेल, तर ते संरक्षण नव्हे, ती नुसती जागा रिकामी करून घेणं झालं. गालापागोसने मोठ्या बोटींना आधी अडवलं हे बरोबर केलं. माझ्यासारखीला कधी अडवायचं, हे त्यांना अजून ठरवायचंय.

मी पुन्हा जाणार नाही. परवडणार नाही हे एक कारण आहेच, पण नोकरी लागली आणि परवडलं तरी नाही. एका माणसाने एकदा, एवढं पुरे. सोळातली एक जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे. माझ्या रूममेटला मिळाली तर फारच छान. अल्बट्रॉसपेक्षा ती तिथल्या मच्छीमारांशी जास्त गप्पा मारेल, आणि मला वाटतं तिला जास्त कळेल.

त्या रात्री जर्नल काही पूर्ण झालं नाही. सरांनी सबमिशन घेतलं नाही. 'नाही' म्हणजे 'नाही', निदान तेव्हा तरी मला ते पटायला हवं होतं!

— टी.ई. मेकॅनिकल