टीएसएच नॉर्मल आहे, मग?

रात्री लग्नाच्या पंगतीत जिलब्यांवर ताव मारून झोपलेला पंचविशीचा तरुण पहाटे उठू पाहतो, तर पाय हलतच नाहीत. घरचे ‘लकवा’ म्हणत त्याला दवाखान्यात आणतात. एमआरआयची चिठ्ठी लिहिण्याआधी त्याचे पोटॅशियम आणि नाडी पाहावी. पोटॅशियम २ आणि नाडी ११० असेल, तर थायरोटॉक्सिक पिरिऑडिक पॅरालिसिस आठवायलाच हवा. थायरॉइडचे बहुतेक विकार बायकांत जास्त; हा मात्र पुरुषांचा, त्यातही आशियाई पुरुषांचा. हाताचा कंप, वजनातली घट अशा खुणा पुष्कळदा पुसटच असतात. पोटॅशियम शरीराबाहेर गेलेले नसते, पेशींत शिरलेले असते. ते सढळ हाताने शिरेतून दिले, तर काही तासांनी पातळी उलट धोकादायक चढते. ग्लुकोजच्या सलाइनने तर पाय आणखी लुळे पडतात.

उतारवयात थायरॉइडच्या अतिस्रावाचा हाच आजार मुका होतो. रुग्ण सुस्त, उदास, वाळलेला; तपास सुरू होतो कर्करोगाचा. फ्रँक लाही यांनी १९३१ मध्येच या रूपाकडे लक्ष वेधले होते. १९९१ मध्ये जॉर्ज बुश (थोरले) धावताना दमले, तेव्हा आधी सापडले हृदयाचे अनियमित ठोके आणि मग ग्रेव्हज डिसीज.

हे निदान निदान टीएसएचवर तरी पकडले जाते. खरी पंचाईत शीहान सिंड्रोमची.

बाळंतपणात भरपूर रक्तस्राव, अंगावर दूध नाही, पाळी परतलीच नाही. पुढे कित्येक वर्षे ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिके आणि लोहाच्या गोळ्या. मग एखाद्या जुलाबाच्या दुखण्यात ती गुंगीत दाखल होते, सोडियम ११५. टीएसएच? नॉर्मल. पिट्युटरीच निकामी असताना तो वाढणार कसा! फ्री टी-४ मागवल्याशिवाय हे कळत नाही, आणि हेल्थ चेकअपच्या स्वस्त पॅकेजांत पुष्कळदा नेमका तोच नसतो. ‘शेवटच्या बाळंतपणानंतर दूध आलं होतं का?’ या प्रश्नाला मात्र पैसे पडत नाहीत. तिला आधी हायड्रोकॉर्टिसोन द्यावे, थायरॉक्सिन नंतर. क्रम उलटला, तर अॅड्रिनल क्रायसिस ओढवतो.

उलट बाजूनेही टीएसएच चकवतो. उलट्या, रक्तदाब ९०, घटलेले वजन आणि टीएसएच ८, एवढ्यावर थायरॉक्सिन सुरू करण्याचा मोह होतो. पण मागे थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिलेला आजार असू शकतो; आपल्याकडे तो आजही क्षयामुळे होतो. त्यात कॉर्टिसॉलच्या अभावानेच टीएसएच थोडा वाढतो. अशा रुग्णाच्या हिरड्या, तळहाताच्या रेषा आणि जुने व्रण काळवंडलेत का ते पाहावे, सकाळचे कॉर्टिसॉल मागवावे. प्रकृती ढासळत असेल, तर रक्त काढून ठेवून रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन द्यावे. यांतल्या अनेकांचा टीएसएच पुढे थायरॉक्सिनविनाच खाली येतो.