वही कोरी राहिली तर राहू द्या!

आटगाव आणि आसपासच्या पाड्यांवरच्या आईबापांना, आज्या-आजोबांना, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना आणि ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाला विनंती.

पोर शाळेतून घरी आलं की आपण दप्तर उघडून वही बघतो. वही भरलेली असली की जीव भांड्यात पडतो. कोरी असली की दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात उभे राहतो : ‘‘बाई, दिवसभर करता काय? पोरं नुसती खेळतात.’’ या प्रश्नाने पहिली-दुसरीच्या वर्गांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं गळक्या पत्र्यांनीही केलेलं नाही. कारण हा प्रश्न ऐकून चांगली बाईसुद्धा घाबरते, काड्या-चिंचोके कपाटात ठेवते आणि फळ्यावर लिहिते, ‘दहा वेळा लिहा’.

आमचं म्हणणं एवढंच आहे. सहा-सात वर्षांचं मूल उचलून, मोजून, जुळवून, मोडून, बोलून शिकतं. नुसतं गिरवून शिकत नाही. पहिली-दुसरीत त्याचे हात आणि तोंड चालू असले पाहिजेत, आणि तसं शिकवायला शिक्षकाला पूर्ण वेळ वर्गात राहता आलं पाहिजे. हे आम्ही मेहेरबानी म्हणून मागत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलं आहे की मुलांचं शिकणं कृतीतून, शोध घेण्यातून, मुलाला भीती वाटणार नाही अशा रीतीने झालं पाहिजे. वही किती भरली पाहिजे, हे त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

कोवळ्या बोटांनी पेन्सिल आवळून पानभर ‘क’ काढणाऱ्या मुलाचं लक्ष दुखणाऱ्या हाताकडे असतं, अक्षराकडे नसतं. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत एका दमात म्हणणारी, पण फळ्यावर ‘नाक’ लिहिलं तर गप्प बसणारी मुलं तिसरी-चौथीत आहेत, हे आपल्याला माहीत आहे. त्यांचा काय गुन्हा? त्यांच्याकडून सगळी अक्षरं पाठ करून घेतली, पण त्यांतून शब्द होतो हे कुणी त्यांना करू दिलं नाही.

आता दुसरी रीत बघा. न, क, म, ल ही चार अक्षरं आणि एक काना, एवढंच जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून मुलाच्या पुढ्यात टाका. त्यातून कान होतो, मान होते, काम होतं, मका होतो, माल होतो, कमाल होते. ‘कान’चे तुकडे उलट्या बाजूने मांडले की ‘नाक’ होतं, हे एखाद्या पोराला अचानक सापडतं आणि ते वर्गभर ओरडत सुटतं. त्या दिवशी ते पोर वाचायला शिकलेलं असतं. त्याच्या वहीत त्या दिवशी काहीच नसतं. घरी आल्यावर त्याला विचारा, आज काय सापडलं. ते सांगेल.

घोकण्याने गणिताचं तर वाचनाहूनही वाईट होतं. आपल्या भाषेत ‘बत्तीस’ म्हणताना दोन आधी येतात आणि तीस मागून, पण लिहिताना तीन आधी लिहायचा. म्हणून पोरं ३२ ऐकून २३ लिहितात आणि धपाटे खातात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तीस दोन’ असं वाचायची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली, अशी ओरड झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना संख्या समजावी म्हणून ही जोड दिली आहे. त्या आरडाओरड्यात मूल अडखळतं कुठे, हा प्रश्न हरवला. तो आम्ही पुन्हा विचारतो आहोत, कारण उत्तर आपल्या कुंपणावर उगवतं. निरगुडीच्या काड्या तोडा, सारख्या कापा, दहा-दहाचे गठ्ठे बांधा. तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या, हे झाले बत्तीस. नाव कुठल्याही बाजूने उच्चारा, गठ्ठे तीनच राहतात.

आता त्यातून सतरा काढायला सांगा आणि मुलाच्या हाताकडे बघत बसा. एक गठ्ठा ते पटकन बाजूला सारतं. मग सात सुट्या हव्यात आणि समोर दोनच. मूल थांबतं. शेजारच्याकडे बघतं. इथे गप्प राहणं हेच शिक्षकाचं खरं कसब, आणि फार थोड्यांना ते जमतं. मग त्या पोराच्या डोक्यात येतं की उरलेल्या दोन गठ्ठ्यांपैकी एक सोडता येईल. ते दोरा सोडतं, काड्या पसरतात, आता सुट्या बारा. त्यातल्या सात जातात, पाच राहतात. एक गठ्ठा, पाच सुट्या. पंधरा. हातचा म्हणजे काय, हे या पोराला आयुष्यात पुन्हा सांगावं लागणार नाही. ज्याने फक्त पाठ केलंय, ते पाचवीतही वरच्या दोनातून खालचे सात जात नाहीत म्हणून खालच्या सातातून वरचे दोन काढून मोकळं होतं आणि पंचवीस लिहितं.

कुणी म्हणेल, मग आसनगाव-शहापूरच्या इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढणारी पोरं वेडी आहेत का? त्यांच्या वह्या तर लहान गटापासून भरलेल्या. आईबापांना आम्ही दोष देत नाही. इंग्रजी आलं पाहिजे ही भूक खरी आहे आणि ती आम्हालाही आहे. पण चार वर्षांच्या मुलाने रोज पानभर ए, बी, सी, डी लिहिली म्हणजे इंग्रजी आलं, हे खोटं आहे. अशा शाळांतून पाचवीला परत जिल्हा परिषदेत आलेली मुलं आम्ही बघतो. ना धड इंग्रजी, ना धड मराठी, आणि डोळ्यांत भीती. घरी इंग्रजी ऐकू येत नाही, वर्गात बोलायला मिळत नाही, तर भाषा येणार कुठून?

याच शाळांच्या फीच्या पावतीवर ‘मॉन्टेसोरी’ छापलेलं असतं. मारिया मॉन्टेसोरींनी पहिलं बालगृह १९०७ मध्ये काढलं ते रोममधल्या सॅन लोरेन्झो या मजुरांच्या गरीब वस्तीत. आईबाप कामाला गेलेली पोरं दिवसभर मोकाट हिंडत, त्यांच्यासाठी. आपल्यासारख्यांच्याच मुलांसाठी निघालेली ती गोष्ट आज पैसेवाल्यांना विकली जाते, आणि आपल्या वाट्याला येतं ते फक्त घोकणं.

आणि हे लांबचं आहे असंही समजू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे कोसबादच्या टेकडीवर नेलं. तो भाग २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. परदेशी लाकडी साहित्य महाग पडतं म्हणून त्या थांबल्या नाहीत. पानं, बिया, शंख-शिंपले, माती यांतून त्यांनी साहित्य उभं केलं. पोरं येत नाहीत म्हणून वर्ग पाड्याच्या अंगणात नेला. गुरं राखणारी पोरं अंगणातही येईनात, तेव्हा वर्ग त्यांच्या मागोमाग रानात गेला. ती कुरणशाळा. सरकारची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, म्हणजे बोर्डीच्या केंद्रानंतर तीस वर्षांनी. ही रीत ज्या मुलांवर सिद्ध झाली ती वारली मुलं होती, आणि आपण म्हणतो, आमच्या पोरांना हे झेपायचं नाही!

आपल्या पोरांना काय येतं याचा अंदाज आपल्यालाच नाही. पहिल्या पावसात शेवळं कुठे उगवतात, लोत कुठली, भारंगीचं पान कोवळं कधी खुडायचं, हे सहा वर्षांची कातकरी पोरगी दाखवते. दहा भाज्यांची पानं वर्गात आणून सारखी-वेगळी लावायला सांगा, ती वर्गात पहिली येईल. तिच्या डोळ्यांत भेद करायची ती ताकद आहे जी ‘प’ आणि ‘ष’ वेगळे ओळखायला लागते. पण वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या तिला गप्प बसवलं जातं, कारण तिची बोली पुस्तकातली नाही. कातकरी, ठाकरी, वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी हीच दुसरी भाषा आहे. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी लादणारा आदेश निघाला, राज्यभर रण पेटलं आणि २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. बरं झालं. पण त्या सगळ्या भांडणात या पोरीच्या भाषेबद्दल फार थोडे लोक बोलले. शिक्षण हक्क कायद्याचं तेच कलम २९ सांगतं की शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेतून शिकवा. तिने ‘चिंबोरी’ म्हटलं तर फळ्यावर ‘चिंबोरी’ लिहा. तिला आपलं बोलणं लिहिलेलं दिसू द्या. ‘खेकडा’ ती पुढे शिकेलच.

दिवाळी झाली की पाडे ओस पडतात. भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाडं जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पुस्तकाच्या पानांवर चालणाऱ्या वर्गात हे मूल जूनमध्ये परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि ते कायमचं मागे पडतं. मग त्याचं नाव पडतं ‘गळती’. गळतं मूल नाही, वर्गाची रचना त्याला गाळते. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी पायऱ्या आखलेली कार्डं केली. मूल ज्या कार्डावर थांबलं तिथून पुन्हा सुरू करतं, मग ते दोन दिवसांनी येवो की पाच महिन्यांनी. एकच बाई चार इयत्ता सांभाळते अशा पाड्यावरच्या शाळेला तर याच्याशिवाय तरणोपाय नाही. ती एका इयत्तेला शिकवत बसली तर उरलेल्या तीन इयत्ता भिंतीकडे बघत राहणार. भट्टीवरच्या पोरांसाठी विधायक संसद या संस्थेने वसईकडे भोंगा शाळा चालवल्या, त्याही आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच. शाळेने मुलाच्या वेळेला आणि जागेला जायचं असतं. मुरबाड तालुक्यात फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, ती भरते दुपारी, घरातली कामं उरकल्यावर. म्हाताऱ्या बायकांसाठी शाळेचं घड्याळ हलतं, मग सहा वर्षांच्या पोरासाठी का हलू नये?

आता साहेब लोकांना. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं ठरवलं आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावायचं नाही, असं कलम २७ सांगतं. तरीही आज हा फोटो चढवा, उद्या ती माहिती भरा, परवा तिसऱ्या ॲपवर नोंद करा, आणि रेंज नाही म्हणून बाई मोबाईल हातात धरून रस्त्यावर उभ्या. मुलं वर्गात एकटी. निपुण भारतचं ध्येय आहे की २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि मोजता आलं पाहिजे. ध्येय उत्तम आहे. पण काड्यांचा गठ्ठा सोडणाऱ्या पोरापुढे गप्प बसून राहायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुम्हीच खाता. कृतियुक्त शिक्षणाचा फोटो मागवण्याने कृती घडत नाही. २०१५ नंतर भिंती रंगल्या, फरशांवर आकडे आले. जिथे गणित पेटी अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कुलपात आहे, हरवली तर भरून कोण देणार या भीतीने, तिथे त्या रंगाचा उपयोग शून्य. पेटीतली काडी हरवली म्हणून कुणाला जाब विचारणार नाही, असं केंद्रप्रमुखांनी एकदा लिहून द्यावं.

आणि वीसच्या आतला पट म्हणून पाड्यावरची शाळा बंद करून समूह शाळेत घालायचा घाट २०२३ पासून घातला जातो आहे, तो आम्हाला मान्य नाही. आषाढातल्या पावसात ओढा ओलांडून सहा वर्षांचं पोर पाठवणार कोण?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. पहिली-दुसरीच्या वर्गाला रोज पहिले दोन तास कुठलंही कागदी वा मोबाईलचं काम मागायचं नाही. आपला शहापूर तालुका पेसा कायद्याच्या क्षेत्रात आहे. पेसाच्या अबंध निधीतून दरवर्षी प्रत्येक शाळेला बसकर पट्ट्या, पुठ्ठे, पाट्या आणि गोष्टींची पुस्तकं द्यायची, आणि ती मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर ठेवायची. पाड्यावरच्या कातकरी-ठाकरी बोलणाऱ्या एका बाईला वर्गात मदतीला घ्यायचं आणि तिला मानधन द्यायचं. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि ते कुठल्या पायरीवर आहे ते त्यावर लिहायचं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असतात, तेव्हा हे पाळलं जातंय का ते समितीने दर महिन्याला वर्गात बसून बघायचं.

आवणी उरकली असेल नसेल, त्या दिवशी दोन तास काढा. चिंचोके, काड्या, बिया घरातून येताना घेऊन या, त्याच दिवशी शाळेच्या कपाटात जमा करू. बाई-गुरुजींना सभेत बोलायला सांगा आणि त्यांचं बोलणं मधे तोडू नका. ठरावावर ज्यांना सही करता येत नसेल त्यांनी अंगठा उठवावा, तोही तेवढाच मोलाचा आहे.

— आटगाव परिसरातल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पालक
(वाचून झाल्यावर शेजारच्या घरात द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.)